कवितेचा अनुवाद आणि अनुदानाचा अर्ज

वाचकाचे पत्र (संक्षेपाने)

मी मराठीत कविता लिहिते. माझा एक संग्रह प्रकाशित झाला आहे. गेली काही वर्षे मी एका ज्येष्ठ समकालीन कवयित्रीच्या संग्रहाचा इंग्रजी अनुवाद करत आहे. त्यांनी मला तोंडी परवानगी दिली आहे. या कामासाठी मी दोन परदेशी संस्थांकडे अनुदान मागितले आणि दोन्हींकडून कारण न देता नकार आला. माझ्याकडे इंग्रजी वाङ्मयाची पदवी नाही, नावावर पुरस्कार नाही. मी अर्ज करत राहावे का? स्वतःच्या कवितांसाठी आणि या अनुवादासाठी एकच अर्ज करता येईल का? पैसे मिळालेच तर कवयित्रींना त्यातील किती द्यावेत? शुल्क घेऊन अर्ज लिहून देणाऱ्या एका व्यक्तीने मदत देऊ केली आहे, ती घ्यावी का? दोन्ही अर्जांच्या प्रती सोबत जोडत आहे.

उत्तर

सप्रेम नमस्कार.

अर्जांच्या प्रती जोडल्यात हे फार बरे केलेत, कारण त्यामुळे नुसता धीर देण्याऐवजी नेमके काही सांगता येईल. तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी आहे. अर्ज अवश्य करत राहा, पण जे अर्ज परत आले तेच पुन्हा पाठवू नका. त्यांत कवयित्रींचा परिचय आहे, तुमचा परिचय आहे, मराठी कवितेच्या परंपरेविषयी दोन पाने आहेत, अनुवादाच्या महत्त्वाविषयी आणखी एक पान आहे. आणि ज्यांच्यावर खरा निर्णय होतो त्या अनुवादित कविता सर्वांत शेवटी, घाईने निवडल्यासारख्या आल्या आहेत. तुमचा अनुवाद चांगला आहे, असे माझे प्रामाणिक मत आहे. परीक्षकाला तो या अर्जांत पुरेसा भेटत नाही, एवढीच अडचण आहे.

त्याआधी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. तुम्हाला आलेल्या दोन नकारांपैकी पहिल्याचा तुमच्या अनुवादाच्या गुणवत्तेशी काहीही संबंध नसावा. ती योजना प्रकाशकांसाठी होती आणि तुम्ही अनुवादक म्हणून व्यक्तिगत अर्ज केलात. अशा वेळी अर्ज पात्रतेच्या पहिल्याच चाळणीत बाजूला ठेवला जातो. कविता वाचल्या जाण्याची वेळच येत नाही. साहित्यिक अनुवादाचा पैसा वेगवेगळ्या वाटांनी येतो आणि कोणत्या वाटेवर कोणी उभे राहायचे हे ठरलेले असते. इंग्लिश पेन या लेखकांच्या संस्थेची ‘पेन ट्रान्सलेट्स’ ही २०१२ पासूनची योजना ब्रिटनमधील प्रकाशकाला अनुवादाच्या खर्चाच्या पाऊणपर्यंत रक्कम देते, आणि लहान प्रकाशक असेल तर पूर्ण खर्चही देऊ शकते; पण अर्ज प्रकाशकानेच करायचा असतो. नॉर्वेची नोर्ला, फिनलंडची फिली यांसारख्या संस्था, ज्या १९७० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झाल्या, त्या आपापल्या देशाचे साहित्य बाहेर जावे म्हणून मदत करतात; उद्या तुम्ही नॉर्वेजियन कवीला मराठीत आणायचे ठरवलेत तर त्या तुमच्या उपयोगाच्या ठरतील, आज नाहीत. कलांना मदत करणाऱ्या अमेरिकेच्या नॅशनल एंडाउमेंट फॉर द आर्ट्‌स या सरकारी संस्थेने १९८१ पासून अनुवादकांना मोठ्या रकमेच्या वृत्ती (फेलोशिप) दिल्या आहेत, मात्र त्या अमेरिकेचे नागरिक व कायम रहिवासी यांच्यापुरत्याच.

तुमच्यासारख्या, प्रकाशक अजून न ठरलेल्या अनुवादकाला थेट हाक देणाऱ्या योजना थोड्या आहेत, म्हणून त्या नीट ओळखून घ्याव्यात. पेन अमेरिकेचा ‘पेन/हाइम अनुवाद निधी’ हा त्यांतला माझ्या मते सर्वांत स्वागतशील. अनुवादक मायकेल हेन्री हाइम आणि त्यांच्या पत्नी प्रिसिला यांनी २००३ मध्ये दिलेल्या ७,३०,००० डॉलरच्या देणगीतून तो उभा राहिला, आणि देणगीदाराचे नाव हाइम यांचे २०१२ मध्ये निधन होईपर्यंत गुप्त राहिले. इंग्रजीत पूर्वी न आलेल्या, किंवा केवळ जुन्या वा सदोष अनुवादात आलेल्या पुस्तकाचे काम चालू असेल तर अनुवादकाला अर्ज करता येतो. त्याचे नागरिकत्व आड येत नाही. रक्कम काही हजार डॉलरची असते, म्हणजे पोट भरण्याइतकी नव्हे, पण काही महिने इतर कामे बाजूला ठेवता येतील इतकी. इंग्लिश पेनचीच ‘पेन प्रेझेंट्स’ ही योजना नमुना अनुवाद तयार करण्यासाठी मानधन देते, हे मला फार मोलाचे वाटते. कारण एरवी नमुना हा अनुवादकाने फुकटच करायचा, असे सगळे गृहीत धरतात. शिकागो विद्यापीठात चालणाऱ्या दक्षिण आशियाई साहित्याच्या अनुवादाच्या प्रकल्पाकडेही लक्ष ठेवा. त्याच्या कक्षेत मराठी येते, आणि त्याने इंग्लिश पेनबरोबरही काम केले आहे.

यातील प्रत्येक योजनेची चालू वर्षाची सूचना मात्र स्वतः वाचा. मागच्या वर्षीची माहिती, माझ्या या उत्तरातील माहितीसुद्धा, पुरेशी मानू नका. नॅशनल एंडाउमेंटने सर्जनशील लेखनाच्या वृत्तींची एक फेरी २०२५ मध्ये अर्ज घेतल्यानंतर रद्द केली. ज्यांनी महिनोन्‌महिने तयारी केली होती त्यांच्या हाती केवळ एक ईमेल आला. एकाच योजनेवर सारी भिस्त ठेवू नये, ती यासाठी.

आता नमुन्याकडे वळतो, कारण तुमचा सर्वाधिक वेळ तिथे जायला हवा. पेन/हाइमसारख्या निधीसाठी आठ ते दहा पानांचा अनुवाद आणि त्यामागचे मूळ पान मागतात. परीक्षक मंडळावर मराठी जाणणारे कोणी असेलच असे नाही. पुष्कळदा मूळ भाषेच्या जाणकाराचा अभिप्राय वेगळा मागवला जातो, पण पहिले वाचन इंग्रजी कविता म्हणूनच होते. तुमच्या नमुन्यातील पहिली कविता चौदा ओळींची आहे आणि तिच्याखाली पाच तळटीपा आहेत. वाचकाची नजर प्रत्येक तिसऱ्या ओळीला पानाच्या तळाशी जाते आणि परत येताना लय हरवते. त्या टीपांतील तीन गोष्टी, म्हणजे नात्याचे संबोधन, झाडाचे नाव आणि सणाचा संदर्भ, तुम्ही अनुवादाच्या ओळीतच इतक्या सहज सांभाळल्या आहेत की टीपांची गरजच उरलेली नाही. उरलेल्या दोन गोष्टी नमुन्यानंतरच्या छोट्या निवेदनात सांगता येतील.

दुसरी त्रुटी अधिक गंभीर आहे. तिसऱ्या कवितेच्या मूळ पानावर सात लहान कडवी दिसतात. तुमच्या इंग्रजी पानावर चार आहेत. देवनागरीचे एक अक्षरही न वाचता येणारा परीक्षक दोन पाने शेजारी ठेवतो तेव्हा त्याला सर्वांत आधी हेच दिसते, आणि अनुवादकाने मूळ रचनेकडे दुर्लक्ष केले की काय, अशी शंका त्याच्या मनात येते. तुम्ही कडवी का जोडली असतील, याचा मला अंदाज आहे: मराठीत दोन कडव्यांमधील शांतता क्रियापदाच्या जागेमुळे सांभाळली जाते आणि इंग्रजीत वाक्य मध्येच तुटते. निर्णय समर्थनीय आहे. परंतु तो निर्णय आहे, निष्काळजीपणा नव्हे, हे अर्जात कुठेही लिहिलेले नाही. एकतर मूळची सात कडवी परत आणा, किंवा जोडण्याचे कारण दोन वाक्यांत सांगा.

कविता निवडतानाही तुम्ही सोप्या निवडल्या आहेत, असे मला वाटते. ज्या अनुवादात सहज उतरल्या त्या आपल्याला आवडू लागतात, हे स्वाभाविक आहे; पण एकाच सुराच्या आठ कविता वाचून संग्रहाचा पल्ला कळत नाही. एक अगदी लहान कविता, एक लांब पल्ल्याची, एक बोलीच्या अंगाने जाणारी आणि एक अशी की जिने तुम्हाला महिनाभर छळले, असा नमुना बांधा. सर्वांत सशक्त कविता पहिली ठेवा. शेकडो पाने वाचणाऱ्या माणसाची उमेद पहिल्या पानावर टिकली तर पुढची पाने तो आस्थेने वाचतो. आणि पाठवण्यापूर्वी मराठी न येणाऱ्या एखाद्या चांगल्या वाचकाकडून त्या मोठ्याने वाचून घ्या. तो जिथे अडखळेल तिथे खूण करा.

आता संकल्पाचे निवेदन. तुम्ही लिहिले आहे की या कवयित्रींचे मराठी साहित्यातील स्थान अनन्यसाधारण असून त्यांची कविता वैश्विक मानवी मूल्यांचा आविष्कार करते. हे वाक्य कोणत्याही भाषेतील कोणत्याही कवीविषयी लिहिता येईल, आणि परीक्षकांनी ते असंख्य वेळा वाचलेले असते. पण तुमच्याच अर्जाच्या शेवटच्या पानावर, कंसात, तुम्ही एक निरीक्षण नोंदवले आहे: या संग्रहातील बहुतेक कवितांत बोलणारी स्त्री ‘मी’ म्हणतच नाही, क्रियापदाच्या रूपावरून ती स्त्री आहे एवढे मराठीत कळते, तर इंग्रजीत कर्त्याशिवाय वाक्य उभे राहत नाही आणि कर्ता आणला की तिचे मागे राहणे संपते. हेच तुमचे निवेदन आहे. याच वाक्याने सुरुवात करा. त्यानंतर तुम्ही ही अडचण कशी सोडवली ते नमुन्यातील एका कवितेच्या आधारे दाखवा, आणि एकूण पुस्तकापैकी किती काम झाले आहे, किती उरले आहे व ते कधीपर्यंत पुरे होईल, ते सांगून थांबा. पदवी आणि पुरस्कार यांची उणीव भरून काढायची असेल तर ती अशा परिच्छेदानेच भरून निघते. ज्याला हे दिसले त्याने संग्रह किती खोलवर वाचला आहे, हे वेगळे सांगावे लागत नाही. स्वतः कवी आहात, याचा उल्लेख परिचयात दोन ओळींत करा. त्याबद्दल संकोच बाळगण्याचे कारण नाही.

तोंडी परवानगीविषयी मात्र मला स्पष्टपणे सांगायला हवे. अनुदानाच्या दृष्टीने ती परवानगीच नव्हे. साहित्यकृतीचा अनुवाद करण्याचा व करू देण्याचा हक्क मूळ लेखकाचा असतो, हे लेखनहक्कांविषयीच्या १८८६ च्या आंतरराष्ट्रीय बर्न कराराच्या आठव्या कलमात आहे, आणि त्या कराराने ठरवलेली किमान मुदत लेखकाच्या हयातीनंतर पन्नास वर्षे इतकी आहे. अनेक देशांत ती याहून लांब आहे. त्याच करारानुसार तुमचा अनुवादही मूळ कृतीप्रमाणेच संरक्षित असतो, म्हणजे तुमच्या कामावर तुमचा हक्क आहे, मात्र मूळ हक्काला धक्का न लावता. म्हणून लेखी संमतिपत्र घ्या. त्यात फार कायदेशीर भाषा नको, एवढे असले तरी चालेल: “माझ्या अमुक संग्रहातील सर्व कवितांचा इंग्रजी अनुवाद करण्यास मी यांना संमती देत आहे. या संग्रहाच्या इंग्रजी अनुवादाचे हक्क माझ्याकडे असून ते आजवर अन्य कोणालाही दिलेले नाहीत. ही संमती इतकी वर्षे राहील. प्रकाशनाचा करार आमच्या दोघींच्या सहमतीने होईल.” खाली तारीख आणि स्वाक्षरी, सोबत इंग्रजी प्रत.

यातील दुसरे वाक्य दिसते तितके साधे नाही. कवयित्रींनी संग्रह छापताना प्रकाशकाशी केलेल्या करारात अनुवादाचे हक्क प्रकाशकाकडे गेले असतील, तर त्यांनी कितीही आपुलकीने सही केली तरी त्या सहीला अर्थ राहणार नाही आणि पत्र प्रकाशकाकडून घ्यावे लागेल. आणखी एक नाजूक गोष्ट आहे, ती आदराने पण टाळाटाळ न करता बोलायला हवी. कवयित्री ज्येष्ठ आहेत. तोंडी शब्द त्यांच्या वारसांना माहीत असेलच असे नाही, आणि वर्षानुवर्षांचे काम अशा कारणाने पेटीत पडून राहिलेले मी पाहिले आहे. त्यांच्या घरातील एका जबाबदार व्यक्तीला या संमतीची कल्पना देण्याची विनंती करा. बहुतेक कवींना असा विषय काढलेला आवडत नाही, असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात आपल्या कवितेची इतकी काळजी कोणी घेत आहे, याचा त्यांना आनंदच होतो.

पैशांच्या वाटणीविषयी तुम्ही विचारलेत, याचे मला समाधान वाटले, कारण हा प्रश्न सहसा वाद झाल्यावर विचारला जातो. पुरस्कारांच्या बाबतीत काही ठिकाणी नियमच आहेत. आंतरराष्ट्रीय बुकर पुरस्काराचे ५०,००० पौंड लेखक आणि अनुवादक यांच्यात निम्मे-निम्मे वाटले जातात. कॅनडाच्या ग्रिफिन काव्यपुरस्कारात विजेते पुस्तक अनुवाद असेल तर ६० टक्के अनुवादकाला आणि ४० टक्के मूळ कवीला मिळतात. अनुदान मात्र वेगळ्या जातीचा पैसा आहे. पुरस्कार झालेल्या पुस्तकासाठी असतो. अनुवादकाचे अनुदान पुढे करायच्या श्रमासाठी आणि त्या श्रमाला लागणाऱ्या वेळासाठी असते. त्यामुळे माझे मत असे की अनुवादक म्हणून मिळालेली रक्कम तुमची आहे आणि ती घेताना अपराधी वाटून घेऊ नका. अर्जात अंदाजपत्रक मागितले असेल तर कवयित्रींना द्यावयाचे हक्कशुल्क ही स्वतंत्र बाब म्हणून दाखवा, म्हणजे त्यांचा वाटा तुमच्या वाट्यातून कापला जात नाही. पुस्तक निघाल्यावर येणाऱ्या मानधनाची वाटणी कवितेच्या अनुवादाबाबत निम्मी-निम्मी असावी, असे मी सुचवीन. हे सारे अर्ज करण्यापूर्वी, रक्कम डोळ्यांसमोर नसताना ठरवा आणि कागदावर आणा.

तुमच्या स्वतःच्या कवितांसाठी अर्ज वेगळाच करावा लागेल. कवीला मिळणारी वृत्ती ही पुढच्या लेखनावर टाकलेला विश्वास असतो आणि तिथे तुमच्या मूळ कविता, किंवा त्यांचे दुसऱ्या कोणी केलेले अनुवाद, वाचले जातात. एकाच अर्जात दोन्ही घातले की एकाही परीक्षकाला आपण नक्की कशाचा निर्णय करायचा, ते कळत नाही. कवींच्या वृत्तींमध्ये अटीही कडक असतात: अमेरिकेतील पोएट्री फाउंडेशनच्या रूथ लिली यांच्या नावाच्या वृत्ती तेथील २१ ते ३१ वर्षे वयाच्या कवींसाठीच आहेत. (या रूथ लिली यांच्या स्वतःच्या कविता ‘पोएट्री’ मासिकाने कधी छापल्या नाहीत, तरीही २००२ मध्ये त्यांनी त्या मासिकाच्या संस्थेला सुमारे दहा कोटी डॉलर देण्याचे जाहीर केले. नकारानंतरही कवितेवरची माया कमी होत नाही, याचे इतके ठळक उदाहरण मला दुसरे ठाऊक नाही.) आयोवा विद्यापीठाचा १९६७ पासूनचा आंतरराष्ट्रीय लेखन कार्यक्रम तुमच्यासारख्या कवीसाठी खुला आहे, पण तिथे जाण्याचा मार्ग २०२५ पर्यंत बहुधा लेखकाच्या देशातील अमेरिकी दूतावासाच्या शिफारशीतून जात असे. अनुवादासाठी निवासाच्या सोयीही आहेत: जर्मनीतील श्ट्रालेनचे अनुवादकांचे घर १९७८ पासून, स्वित्झर्लंडमधील लोरेनचे २००५ पासून चालू आहे. निवास म्हणजे वेळ आणि शांतता मिळते. घरखर्च सुटत नाही, हे आधी हिशेबात धरा.

पैसे घेऊन अर्ज लिहून देणाऱ्या व्यक्तीची मदत घेऊ नका. इंग्रजी तपासून घेण्यात गैर काही नाही, पण ज्या निरीक्षणामुळे तुमचा अर्ज निवडला जाऊ शकतो ते त्या व्यक्तीकडे नाही, तुमच्याकडे आहे. मिळालेल्या अनुदानातून टक्केवारी मागणाऱ्याला तर ठाम नकार द्या. अनेक संस्थांच्या नियमांत अशी कपात बसतच नाही. मदत हवी असेल तर मार्गदर्शन योजनांकडे वळा. ब्रिटनमध्ये अनुवादक डॅनियल हान यांनी २०१० मध्ये सुरू केलेली आणि आता नॅशनल सेंटर फॉर रायटिंग चालवत असलेली योजना, तसेच अमेरिकन लिटररी ट्रान्सलेटर्स असोसिएशनची योजना, या दोन्हींत नवोदित अनुवादकाला अनुभवी अनुवादकासोबत काही महिने काम करता येते. भाषा दरवर्षी बदलतात, त्यामुळे मराठीला वाव असलेली फेरी येईल तेव्हा नमुना तयार असायला हवा.

जिथे दुसरा नकार आला त्या संस्थेकडे पुढच्या फेरीत पुन्हा अर्ज करण्यास काहीच हरकत नाही, नियमांत मनाई नसेल तर. परीक्षक बदलतात, आणि नव्याने बांधलेला नमुना हा त्यांच्या दृष्टीने नवाच अर्ज असतो. मात्र त्याआधी नमुना अनुवादासाठी मानधन देणाऱ्या योजनेकडे जा, कारण तिथे मागितलेले काम तुम्हाला तसेही करायचेच आहे. सुरुवात संमतिपत्रापासून करा. मसुदा घेऊन कवयित्रींकडे जाण्यापूर्वी, प्रकाशकाशी झालेला जुना करार काढून ठेवण्याची विनंती त्यांना फोनवर करा, म्हणजे हक्क कोणाकडे आहेत ते पाहणे आणि सही घेणे ही दोन्ही कामे एकाच भेटीत होतील.